बाहुली आणि तिची चिठ्ठी

महाभारताच्या विराटपर्वात एक लहानसा प्रसंग आहे. कौरवांनी विराटाचे गोधन वळविले आणि राजपुत्र उत्तर बृहन्नडेला सारथी करून त्यांच्यावर चालून निघाला, तेव्हा राजकन्या उत्तरा आणि तिच्या सख्या बृहन्नडेला सांगतात, की त्या मोठ्या वीरांना जिंकून याल तेव्हा त्यांची तलम, रंगीत वस्त्रे आमच्या बाहुल्यांसाठी घेऊन या. पुढे घनघोर युद्ध होते; पण अर्जुन ती मागणी विसरत नाही. संमोहनास्त्राने कौरवसेना निश्चेष्ट झाल्यावर तो उत्तराला रथाखाली उतरवून द्रोण-कृपांची शुभ्र, कर्णाची पिवळी आणि अश्वत्थामा व दुर्योधन यांची निळी वस्त्रे काढून आणावयास लावतो. भीष्मांना या अस्त्राचा उतारा ठाऊक असल्याने त्यांच्या वाटेस जाऊ नको, असेही बजावतो. इतक्या धुमश्चक्रीत बाहुल्यांच्या कपड्यांची आठवण ठेवणारा हा प्रौढ पुरुष भारतीय वाङ्मयात तसा एकटाच म्हणावा लागेल.

बाहुली ही मुलींची वस्तू, भातुकली संपली की तिचेही काम संपले, हा समज सर्वत्र आहे. एखाद्या प्रौढ गृहस्थाने टपाल तिकिटे किंवा नाणी जमविली तर त्याचे कौतुक होते. त्यानेच बाहुल्या जमविल्या तर त्यास पोरकटपणा म्हणतात. वस्तुतः ज्या बाहुल्या आज तीन-तीनशे वर्षांनंतर पाहावयास मिळतात, त्या बहुतेक मोठ्या माणसांनी जमविलेल्या किंवा मोठ्यांनी वेळीच मुलांच्या हातून काढून घेतलेल्या आहेत. मूल बाहुलीवर प्रेम करते, म्हणजेच तिला झिजवते. प्रौढ तिला जपतो. मात्र नुसते जपणे पुरेसे नसते. ती कोणाची, कोणी आणि कोठे केली, तिच्या अंगावरचा वेष कोणत्या प्रदेशाचा व काळाचा, हे सांगणारी चिठ्ठी हरवली, की उरतो तो लाकूड, चिंध्या आणि मातीचा एक गोंडस तुकडा. ग्रंथालयात ज्या पुस्तकाची दाखलनोंद नाही ते पुस्तक असून नसल्यासारखे, तसाच हा प्रकार. या छंदाच्या इतिहासात राजवाडे आहेत, मोठमोठे कारखाने आहेत आणि एक महायुद्धही आहे. तथापि त्याचा खरा धागा या चिठ्ठीचा आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲमस्टरडॅमच्या धनाढ्य व्यापाऱ्यांच्या स्त्रियांना एक महागडा नाद लागला होता. उंची लाकडाचे कपाट घ्यावयाचे, त्यात माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली असे कप्पे पाडावयाचे आणि प्रत्येक दालन बोटभर उंचीच्या खऱ्याखुऱ्या वस्तूंनी सजवावयाचे. पेट्रोनेला ऊर्टमन या रेशीमव्यापाऱ्याच्या पत्नीने १६८६ ते १७१० च्या सुमारास सजविलेले असे बाहुलीघर आज तेथील राइक्स म्युझियममध्ये आहे. त्यातील चिमुकली चिनी मातीची भांडी थेट चीनमधून मागविली होती, आणि त्या एका कपाटावर झालेल्या खर्चात कालव्याकाठचे खरे घर आले असते, असे म्हणतात. गंमत अशी, की त्या घरातील बाहुल्या आज जवळजवळ नाहीत. एक तान्हे बाळ तेवढे शिल्लक आहे. तरीही तेथे कोण कोठे बसले होते हे कळते, कारण याकोब ॲपेल या चित्रकाराने १७१० च्या सुमारास त्या बाहुलीघराचे बाहुल्यांसह चित्र काढून ठेवले. त्याच देशातील सारा रोते या बाईने १७४३ मध्ये जुनी बाहुलीघरे विकत घेऊन त्यांतून आपली दोन नवी घरे उभी केली. तिने काय घेतले, कोणाकडून काय करून घेतले याच्या नोंदी वहीत लिहिल्या. त्या वह्यांमुळे तिचा संग्रह अभ्यासकांना जितका बोलका वाटतो, तितका त्याहून श्रीमंत संग्रह वाटत नाही.

वेषबाहुलीचे कूळ याहूनही जुने आहे. छापील वेषचित्रे प्रचारात येण्यापूर्वी पॅरिसची नवी वेषभूषा लंडन, व्हिएन्ना, माद्रिद येथे कशी कळणार? त्यासाठी नखशिखांत सजविलेली बाहुली पाठविली जाई. तिला ‘पँडोरा’ म्हणत. शिंपी तिचे कपडे उसवून त्यांवरून बेत घेत आणि काम झाले की ती टाकून देत. त्यामुळे युरोपभर फिरलेल्या या बाहुल्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही ओळखू येत नाहीत. व्यापाराची वस्तू व्यापारातच संपली. पण एका घरगुती उद्योगाने ती उणीव भरून काढली. लेटिशिया क्लार्क या इंग्रज मुलीने १७५४ च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, चालू काळाच्या पोषाखात एक बाहुली सजविली. १७६१ मध्ये पॉवेल घराण्यात तिचे लग्न झाले, तेव्हाच्या वधूवेषाचीही बाहुली तिने केली. त्यानंतर वेषभूषा बदलेल तशी एकेक बाहुली ती सजवीत गेली आणि कोणता पोषाख कोणत्या वर्षीचा हे टिपून ठेवीत गेली. तिच्या पश्चात वंशजांनी ते काम विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालविले. हा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे. सम्राज्ञींच्या खऱ्या पोषाखांपैकी कितीतरी नाहीसे झाले. एका गृहिणीने आपल्या काळाची टिपणासह ठेवलेली नोंद राहिली.

पुढची संग्राहिका मात्र प्रत्यक्ष सम्राज्ञीच होती. केन्सिंग्टन राजवाड्यात एकाकी वाढलेल्या व्हिक्टोरियाजवळ १३२ लाकडी बाहुल्या होत्या. आल्प्समधील ग्रोडन खोऱ्यात केलेल्या, खुंट्यांच्या सांध्यांच्या, वीतभर उंचीच्या आणि पैशाला पासरी अशा या बाहुल्या. त्यांपैकी ३२ बाहुल्यांचे कपडे राजकन्येने स्वतः शिवले. उरलेले बव्हंशी तिची शिक्षिका बॅरोनेस लेत्सेन हिने. बाहुल्या सामान्य असल्या तरी त्यांवरील पोषाख तसे नव्हते. काही दरबारातील स्त्रिया होत्या, तर कित्येक लंडनच्या रंगमंचावरील गायिका आणि नर्तिका. त्या काळी युरोप गाजविणारी नर्तकी मारी ताग्लिओनी त्यांत होती. म्हणजे वेषबाहुली आणि विशिष्ट व्यक्तीची बाहुली हे दोन्ही प्रकार येथे एकत्र आले. एका शाळकरी वहीत राजकन्येने त्यांची यादी केली होती: बाहुलीचे नाव, ती कोणाची प्रतिमा, कपडे कोणी शिवले. चौदाव्या वर्षाच्या आसपास खेळ थांबला, बाहुल्या पेटीत गेल्या. पण यादी राहिली. साठ वर्षांनंतर, १८९२ मध्ये, फ्रान्सिस लो या लेखिकेने ‘स्ट्रँड’ मासिकात या बाहुल्यांवर सचित्र लेख लिहिला, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या राणीने तो मजकूर तपासून त्यात आपल्या टिपा घातल्या. निम्म्या जगाचा कारभार पाहणाऱ्या बाईला साठ वर्षांपूर्वीच्या खेळातल्या चुका दुरुस्त कराव्याशा वाटल्या. ‘आमच्या लहानपणी’ एवढे म्हणून ती थांबली असती, तर त्या बाहुल्यांना आज कोणी विचारले नसते.

एकोणिसाव्या शतकात बाहुल्यांचे कारखाने उभे राहिले. आधी फ्रान्सने, मग जर्मनीने, विशेषतः थुरिंजियाच्या डोंगराळ मुलखाने, न चकाकणाऱ्या भाजीव चिनी मातीची डोकी घडवून जगभर पाठविली. या बाहुल्या मोठ्या डोळ्यांच्या, गुलाबी गालांच्या आणि सगळ्या एकसारख्या सुंदर असत. १९०९ मध्ये केमर आणि राइनहार्ट या पेढीने एक धाडस केले. खऱ्या मुलांसारखी रुसलेली, हिरमुसलेली, विचारात पडलेली तोंडे असलेल्या बाहुल्या बाजारात आणून त्यांना ‘कॅराक्टरपुपे’, म्हणजे व्यक्तिविशेष असलेली बाहुली, असे नाव दिले. त्या मालिकेतल्या काही बाहुल्या मुलांना मुळीच आवडल्या नाहीत. रुसलेले तोंड आरशात दिसतेच. ते बाहुलीवर कशाला हवे? त्यामुळे काही साचे फार थोडे ओतले गेले, आणि नेमक्या त्याच बाहुल्यांसाठी आजचे प्रौढ संग्राहक लिलावात सर्वाधिक बोली लावतात. मुलांच्या नापसंतीतून मोठ्यांची पसंती जन्मली, हे या छंदाचे एक मासलेवाईक अर्थशास्त्र आहे.

या बाहुल्यांची ओळख पटते ती मानेमागे केसांखाली ओतताना उमटविलेल्या खुणेवरून. पेढीची आद्याक्षरे, साच्याचा क्रमांक, आकाराचा आकडा असे सगळे तेथे असते. अमेरिकेत १९४९ मध्ये बाहुली-संग्राहकांच्या मंडळांचा महासंघ स्थापन झाला, आणि १९६८ मध्ये डोरोथी कोलमन व तिच्या दोन मुली यांनी या खुणांचा आणि कारखान्यांचा एक जाडजूड कोश सिद्ध केला. एका आईने मुलींसह बसून केलेले हे काम कोणत्याही विद्यापीठीय प्रकल्पाच्या तोडीचे आहे. तोपर्यंत जो छंद आठवणींच्या आणि दंतकथांच्या आधारावर चालला होता, त्याला या कोशाने पुराव्याची शिस्त लावली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील मार्गारेट वुडबरी स्ट्राँग या बाईने बाहुल्या व खेळणी अक्षरशः हजारोंनी जमविली. १९६९ मध्ये ती वारली. तिने मागे ठेवलेल्या संपत्तीतून आणि संग्रहातून १९८२ मध्ये मोठे संग्रहालय उघडले. असे भाग्य फार थोड्या संग्रहांच्या वाट्याला येते. सामान्यतः संग्राहक गेला की वारसांना कपाट मोकळे हवे असते.

बाहुलीवर देशाचा भार टाकला तर काय होते, हे १९२७ च्या एका घटनेत दिसते. अमेरिकेने १९२४ मध्ये कायदा करून जपानी लोकांना आपले दरवाजे बंद केले. जपानात अनेक वर्षे राहिलेले सिडने गुलिक या धर्मोपदेशकांना त्याने फार क्लेश झाले. जपानात दरवर्षी ३ मार्चला घरोघरी बाहुल्या मांडून मुलींचा सण साजरा होतो, हे त्यांना ठाऊक होते. त्या सणासाठी अमेरिकन मुलांनी जपानी मुलांना बाहुल्या पाठवाव्यात अशी कल्पना त्यांनी काढली आणि १२,७३९ निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या जपानला रवाना झाल्या. प्रत्येकीबरोबर एक पत्र आणि खेळातले पारपत्र होते. त्या बालवाड्यांतून आणि प्राथमिक शाळांतून वाटण्यात आल्या. जपानातर्फे उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी पुढाकार घेतला. शाळकरी मुलींनी वर्गणी जमविली आणि निष्णात कारागिरांनी केलेल्या, सुमारे ८१ सेंटिमीटर उंचीच्या, रेशमी किमोनो ल्यालेल्या ५८ बाहुल्या त्याच वर्षी अमेरिकेस गेल्या. त्यांच्याबरोबर चिमुकले पेटारे, दिवे, चहाची भांडी होती. एकेक बाहुली एकेका प्रांताची किंवा शहराची प्रतिनिधी होती आणि तिच्या नावाची पाटी तिच्याजवळ होती.

चौदा वर्षांनी युद्ध पेटले. जपानात निळ्या डोळ्यांची बाहुली शत्रू ठरली. शाळांच्या अंगणांत त्या जाळल्या गेल्या, मुलांकडून बांबूच्या भाल्यांनी भोसकविल्या गेल्या. काही शिक्षकांनी मात्र जीव धोक्यात घालून त्या माळ्यावर, भिंतीत, कपाटामागे दडविल्या. बारा हजारांवर बाहुल्यांपैकी सुमारे तीनशे आज राहिल्या आहेत, त्या प्रामुख्याने या शिक्षकांमुळे. अमेरिकेतील जपानी बाहुल्या कोणी जाळल्या नाहीत. त्या संग्रहालयांच्या आणि ग्रंथालयांच्या तळघरांत गेल्या. पण त्यांच्यावर दुसराच प्रसंग गुदरला होता. आरंभी गावोगाव फिरताना त्यांच्या चौकी, पेटारे आणि पाट्या एकमेकींत मिसळल्या. पुढे अभ्यासकांनी जुनी छायाचित्रे, किमोनोवरील घराण्यांची चिन्हे आणि चेहरे ताडून पाहिले, तेव्हा कित्येक ठिकाणी एका प्रांताच्या पाटीमागे दुसऱ्याच प्रांताची बाहुली उभी असल्याचे आढळून आले. द्वेषाने एकीकडे बाहुल्या नष्ट केल्या. दुसरीकडे कोणाचाही वाईट हेतू नसताना निव्वळ हलगर्जीपणाने त्यांची नावे नष्ट केली. या दोहोंत अधिक नुकसान कशाने झाले हे उघड आहे. पण दुसरे टाळणे किती सोपे होते, हेही तितकेच उघड आहे.

त्याच महायुद्धाच्या अखेरीस पॅरिसमध्ये वेषबाहुलीचा एक विलक्षण पुनर्जन्म झाला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात मुक्त झालेल्या त्या शहरात कोळसा नव्हता, कापड नव्हते, पोटभर अन्नही नव्हते. ज्या वेषभूषेवर शहराची ख्याती आणि हजारोंची रोटी अवलंबून होती, ती पुन्हा उभी करावयाची, तर माणसाच्या मापाचे कपडे शिवण्याइतके कापड कोठून आणावे? तेव्हा वेषकारांच्या संघटनेने बाहुल्यांचा आधार घेतला. एलियान बोनाबेल या तरुणीने रेखाटलेल्या आणि जाँ सँ-मार्ताँ यांनी तारेच्या केलेल्या, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या पोकळ बाहुल्या. त्यांवर रेबुल या शिल्पकाराची पांढरी, भावहीन डोकी. अशा २३७ बाहुल्यांना पॅरिसच्या नामांकित वेषगृहांनी कपडे चढविले. काजांत बसतील अशी खरी बटणे, आत रेशमी अंतर्वस्त्रे आणि हातातील थैलीत प्रसाधनाचे सामान असा सगळा सरंजाम होता. जी वस्तू पाहणाऱ्याला कधीच दिसणार नाही तीही पूर्ण करावी, असा त्या उपाशी कारागिरांचा कटाक्ष होता. मार्च १९४५ मध्ये लूव्हरच्या मार्साँ दालनात हे प्रदर्शन उघडले आणि त्यास सुमारे एक लाख प्रेक्षक लोटले. त्यातून युद्धग्रस्तांसाठी निधी उभा राहिला.

पुढे हे ‘वेषभूषेचे नाटकघर’ लंडन, स्टॉकहोम, व्हिएन्ना अशा शहरांतून फिरले आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. तेथे ते संपले. खऱ्या रत्नांचे दागिने तेवढे परत गेले. बाहुल्या एका दुकानाच्या तळघरात पडून राहिल्या. पॅरिसला त्या आता नष्टच झाल्या असे वाटत होते. १९५२ मध्ये कलासंग्राहक ॲल्मा स्प्रेकल्स यांच्या प्रयत्नाने त्या वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल या आडगावच्या संग्रहालयात गेल्या. तीस वर्षांनी एका प्राध्यापकाने त्यांचे मूळ शोधून काढले. १९८८ ते १९९० या काळात त्या पॅरिसला नेऊन दुरुस्त केल्या गेल्या. कोणता पोषाख कोणाचा, कोणती टोपी कोणत्या डोक्यावर, हे १९४५-४६ ची छायाचित्रे आणि प्रदर्शनाची पुस्तिका यांवरूनच ठरविता आले. ज्यांनी त्या बाहुल्या घडविल्या त्यांतली बोनाबेलबाईंसारखी काही माणसे तोवर हयात होती, हे त्या बाहुल्यांचे नशीब.

यापुढील बाहुली सर्वांच्या परिचयाची आहे. ‘बिल्ड’ या जर्मन वृत्तपत्रात १९५२ पासून लिली नावाच्या एका चतुर तरुणीची व्यंगचित्रे येत. १९५५ मध्ये तिची बाहुली निघाली, तीही मुलांसाठी नव्हे, तर मोठ्यांच्या थट्टेसाठी. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सहलीत ती पाहिली आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात साडेअकरा इंची बार्बी अवतरली. पहिल्याच वर्षी सुमारे तीन लाख बाहुल्या खपल्या. तिचे ते इवलेसे, अस्तर लावलेले, दातेरी पट्टीने मिटणारे कपडे जपानमधील स्त्रियांनी घरी बसून शिवलेले होते. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. १९८० पासून ‘जगातील बाहुल्या’ ही मालिका निघाली, तिच्यात पुढे साडी नेसलेली बार्बीही आली. निऱ्या आणि पदर यांविषयी मराठी गृहिणीने त्या बाहुलीला चार गोष्टी सुनावल्या असत्या, हा भाग वेगळा. ज्या मुलींनी १९६० च्या दशकात ती खेळविली, त्यांनी चाळिशीत तिला पुन्हा शोधले आणि प्रौढ संग्राहकांची एक नवी पिढी उदयास आली. त्यांचा आग्रह असा, की बाहुली मूळ खोक्यातून कधीच निघालेली नसावी. चिठ्ठीचे माहात्म्य येथे टोकाला गेले आहे, कारण बाहुलीपेक्षा खोके महाग झाले. ज्या बाहुलीला कोणीच हात लावला नाही, तिला इतिहास तो कोणता, असा प्रश्न जुन्या वळणाचे संग्राहक विचारतात, आणि तो गैरवाजवी नाही.

आपल्याकडे बाहुल्या जमवून मांडण्याची चाल छंद या नावाने कधी ओळखली गेली नाही. ती सणावारात सामावलेली होती. चैत्रगौर बसली की मराठी घरांत पायऱ्यांची आरास होते. तीत सावंतवाडीची लाकडी फळे व चित्रे, काचेची खेळणी, शिवलेल्या बाहुल्या, पूर्वी जत्रेतून आणलेले मातीचे शिपाई हे सगळे बाहेर निघते. डाळ-पन्ह्याच्या निमित्ताने आलेल्या सुवासिनी ते पाहतात, आणि अक्षय्यतृतीयेनंतर ते पुन्हा पेटीत जाते. हे वर्षातून एकदा भरणारे घरगुती संग्रहालयच होय. दक्षिणेत नवरात्रात हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे होते. तमिळनाडूत कोलू, कर्नाटकात गोंबे हब्ब आणि तेलुगू मुलखात बोम्मल कोलुवू या नावांनी विषम संख्येच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. तंजावर-चेन्नईकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही कोलू मांडला जातो. रक्तचंदनी लाकडाची ‘मरप्पाची’ ही स्त्री-पुरुषांची जोडी मुलीला माहेरहून मिळते आणि तिच्यापासून तिच्या स्वतंत्र कोलूचा आरंभ होतो. दरवर्षी निदान एक नवी बाहुली घ्यावी असा रिवाज आहे. विजयादशमीच्या रात्री एखादी बाहुली आडवी निजवतात, म्हणजे उत्सव संपला. मग प्रत्येक बाहुली जुन्या मऊ धोतरात गुंडाळून पेटीत जाते. अशा घरांत ‘ही आजीच्या लग्नातली’, ‘ही तिकडच्या बदलीच्या गावची’ असे मांडताना सांगितले जाते. हीच त्या बाहुल्यांची चिठ्ठी. पण ती तोंडी असते. ज्या वर्षी सांगणारी नसते, त्या वर्षापासून सगळ्या बाहुल्या सारख्याच जुन्या होतात.

भारतात बाहुल्यांना संस्थेचे रूप आले ते एका व्यंगचित्रकारामुळे. ‘शंकर्स वीकली’चे संपादक के. शंकर पिळ्ळै मुलांसाठी आंतरराष्ट्रीय चित्र-लेखन स्पर्धा घेत असत. १९५० च्या दशकाच्या आरंभी हंगेरीच्या राजदूतांनी त्या स्पर्धेसाठी आपल्या देशाच्या वेषातील एक बाहुली दिली. शंकर यांना ती इतकी आवडली, की पंडित नेहरूंबरोबर वार्ताहर म्हणून परदेशी जाताना ते तेथून एकेक बाहुली आणू लागले. पाचशेच्या वर बाहुल्या झाल्यावर त्यांनी मुलांच्या चित्रांबरोबर त्यांची फिरती प्रदर्शने सुरू केली. पण वारंवारच्या बांधाबांधीत बाहुल्या मोडू लागल्या. त्यांना कायमचे घर असावे, अशी सूचना इंदिरा गांधींनी केली. ३० नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरील इमारतीत राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तेव्हाच्या सुमारे एक हजार बाहुल्या पुढे साडेसहा हजारांच्या घरात गेल्या. पंच्याऐंशीच्या आसपास देश तेथे काचेमागे उभे आहेत.

परंतु शंकर यांचे खरे कर्तृत्व आयात बाहुल्यांत नाही. परदेशांना त्यांच्या बाहुल्यांच्या बदल्यात देण्याजोग्या भारतीय बाहुल्या हव्यात म्हणून त्यांनी संग्रहालयाला जोडूनच कार्यशाळा काढली. तेथे एखाद्या प्रांताच्या वधूवराची जोडी करावयाची, तर साडीचा प्रकार, नेसण, दागिने, केशरचना यांची आधी माहिती जमवावयाची आणि मगच कात्री हाती घ्यावयाची, असा दंडक होता. कथकळीच्या बाहुल्यांची वेषभूषा तर अत्यंत शास्त्रशुद्ध मानली जाते. १९८० मध्ये पोलंडमधील क्राकाव येथील बाहुल्यांच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या बाहुल्यांना ‘सुवर्ण मयूरपिच्छ’ हे पहिले पारितोषिक मिळाले. व्यंगचित्रकाराची नजर माणसातले वैशिष्ट्य नेमके टिपते. वेषबाहुलीला हवी असते ती हीच नजर.

सरकारी-निमसरकारी काचेच्या पलीकडे मात्र चित्र निराळे आहे. सावंतवाडी, गोकाक, किन्नाळ, चन्नपट्टण, निर्मळ, कोंडपल्ली या गावांची नावे खेळण्यांमुळे सर्वतोमुखी झाली. पण कोणती बाहुली कोणाच्या हातची, हे त्यांवर लिहिलेले नसते. थुरिंजियाच्या कारखानदाराने मानेमागे खूण उमटविली म्हणून शंभर वर्षांनी त्याचा कोश होऊ शकला. इकडे गाव हीच खूण, कारागीर अनामिक. इंदूरहून फार दूर नसलेल्या झाबुआतील भिल्ल जोडप्याच्या कापडी बाहुल्या मध्य भारतात आणि त्यापलीकडेही कित्येक दिवाणखान्यांत असतात. पुरुषाच्या हाती धनुष्यबाण, स्त्रीच्या डोक्यावर टोपली, अंगभर मण्यांचे दागिने. त्या विकत घेताना कोणी केल्या असे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. २०२३ मध्ये या कलेसाठी झाबुआच्या रमेश आणि शांती परमार या दांपत्यास पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले, की या बाहुल्यांमागे नाव-गाव असलेली माणसे आहेत.

छंद म्हणून बाहुल्या ठेवणाऱ्यास आपल्या हवामानाशी रोजचा झगडा असतो. पावसाळ्यात कापडावर बुरशी येते, कसर लोकर व रेशीम कुरतडते, जर काळी पडते. सेल्युलॉइडची बाहुली उष्ण, बंद पेटीत स्वतःच कुजू लागते आणि शेजारणीलाही बिघडवते. तिला वेगळे ठेवावे लागते. एकोणिसाव्या शतकात जड वाटावे म्हणून धातूच्या क्षारांत बुडविलेले रेशीम घडीवरच चिरत जाते. त्याला उपाय नाही, फक्त घडी न घालणे एवढेच हाती असते. जुन्या बार्बीच्या कानातील धातूची कुडी काढून ठेवली नाही तर कानाभोवतीचे प्लास्टिक हिरवे पडते आणि तो डाग सहसा जात नाही. थेट ऊन तर प्रत्येकीलाच वाईट. अंधारी, कोरडी, हवेशीर जागा, दर हंगामाला उघडून पाहणे, आणि गुंडाळण्यासाठी धुऊन खळ काढलेले पांढरे सुती कापड, एवढ्यावर बरेच साधते. वर्तमानपत्राचा कागद मात्र टाळावा. त्याचे आम्ल कापडात उतरते.

चिठ्ठीची रीतही जाणत्या संग्राहकांनी ठरविलेली आहे. ती बाहुलीला चिकटवीत नाहीत, कारण डिंकाला झुरळे लागतात; टाचणीने लावीत नाहीत, कारण लोखंड गंजते आणि गंज कापड खातो. धुतलेल्या सुती फितीवर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक लिहून ती फीत परकराच्या आतल्या कडेला दोन सैल टाक्यांनी टाचतात, म्हणजे कापडाला ओढ बसत नाही. त्याच क्रमांकापुढे वहीत करणाऱ्याचे नाव, गाव, दिलेली किंमत, वर्ष आणि बाहुली कोणी, कोणत्या प्रसंगी आणली, हे लिहिले जाते. वहीची एक प्रत बाहुल्यांच्या पेटीत ठेवीत नाहीत. ती दुसऱ्याच्या घरी असते.